किसणी शंभराची, बोटं लाखाची: घरच्या वेफर्ससाठी स्लायसर कसा निवडायचा, कसा वापरायचा



होळी झाली की आपल्या मंद्रूपकडं उन्हाचा कडाका सुरू होतो आणि गच्चीवर, अंगणात जुन्या साड्या पसरून वाळवणं पडायला लागतात. कुरडया, पापड, सांडगे आणि उपवासाचे बटाटा वेफर्स. यातले वेफर्स घरच्या व्यवसायासाठी सगळ्यात सोपे वाटतात. माल म्हणजे बटाटा आणि मीठ. सुकवायला ऊन फुकट. आणि गिऱ्हाईक तर ठरलेलंच. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं आषाढीच्या आधी उपवासाच्या मालाला कशी मागणी येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग अडतं कुठं? कापण्यात. दोन किलो बटाटे घरच्यासाठी कापणं वेगळं आणि विकायचे म्हणून दहा-पंधरा किलो कापणं वेगळं. दोन किलोला जी किसणी चालून जाते, ती दहा किलोला हात दुखवते, काप जाड-बारीक पाडते आणि एखादं बोटही कापून जाते. म्हणून आज फक्त हातातल्या स्लायसरबद्दल बोलू. कोणता घ्यायचा, दुकानात काय तपासायचं आणि बोटं शाबूत ठेवून काम कसं करायचं.

स्लायसर वेळ वाचवतो, पण पैसे सारखेपणाचे मिळतात

बरेच जण म्हणतात, "विळीवर माझा हात चांगला बसलाय, स्लायसर कशाला?" विळी चांगलीच आहे, ती टाकून देऊ नका. पालेभाजी, गवार, भेंडी, कैरीच्या फोडी, याला विळीसारखं दुसरं काही नाही. पण शंभर बटाट्यांचे सगळे काप एकाच जाडीचे विळीवर पडत नाहीत.

जाडी एकसारखी का पाहिजे ते बघा. कढईत एकाच वेळी जाड आणि पातळ काप टाकले, तर पातळ करपून जातात आणि जाड आतून मऊ राहतात. वाळवणात तर याहून मोठा घोटाळा होतो. पातळ काप एका दिवसात कडक होतो. जाड काप वरून वाळलेला दिसतो, पण मध्ये ओल धरून ठेवतो. तो पाकिटात गेला की ओल बाकीच्या कापांना लागते, आणि महिन्याभरानं गिऱ्हाईक पाकीट उघडतं तेव्हा बुरशी दिसते. नुकसान एका कापाचं होत नाही, पाकिटाचं होतं आणि पुढच्या ऑर्डरचंही होतं.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. आज पापड वेगवेगळ्या घरांत लाटले जातात, तरी पाकिटातला प्रत्येक पापड सारखा लागतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते याच सारखेपणाचे. वेफर्समध्ये हा सारखेपणा कापतानाच ठरतो, नंतर कितीही नीट तळलं तरी तो आणता येत नाही.

बाजारात मिळतं काय काय?

१. साधी वेफर्सची किसणी. एक पट्टी, मध्ये एक आडवं पातं, जाडी ठरलेली. स्वस्त, हलकी, धुवायला सोपी. एकच प्रकारचे वेफर्स करणार असाल तर हिच्यावरही व्यवसाय सुरू होतो.

२. जाडी बदलता येणारा स्लायसर. बाजूला खटका किंवा फिरवायचा स्क्रू असतो. पट्टीचा पुढचा भाग वर-खाली होतो. पातं आणि पट्टी यांच्यामध्ये जेवढी फट, तेवढी कापाची जाडी. वेफर्स, काकडीच्या चकत्या, कारल्याच्या काचऱ्या असं बरंच काही करायचं असेल तर हा घ्या.

३. तिरप्या किंवा व्ही आकाराच्या पात्याचा. सरळ पातं बटाट्याच्या पूर्ण रुंदीला एकदम भिडतं, म्हणून जोर लागतो. तिरपं पातं एका कडेनं हळूहळू आत शिरतं, म्हणून कमी जोरात कापतं. टोमॅटोसारखी मऊ भाजी व्ही पात्यावर चांगली कापली जाते.

४. सहा-सात पाती बदलायचा सेट. एका डब्यात किसणी, स्लायसर, लांब सळ्या पाडायचं पातं, सगळंच. घरच्या कोशिंबिरीला ठीक. पण रोज दहा किलोला यातली बरीच पाती जागेवर हलायला लागतात. विकत घेण्याआधी पातं बसवून हलवून बघाच.

५. दोरी ओढायचा चॉपर. हा स्लायसर नाहीच. कांदा-मिरची बारीक करायला उत्तम, पण यातून वेफर्सचे काप निघत नाहीत. नावानं फसू नका.

दुकानात जाताना पिशवीत एक बटाटा न्या

सोलापुरात जानेवारीत गड्डा यात्रेला होम मैदानावर गेलात की स्लायसरचा स्टॉल हमखास दिसतो. विकणारा झपाझप गाजर कापतो, काकडीची फुलं काढतो, आणि आपण पाहत उभे राहतो. ही कला जगभर अशीच विकली जाते. अमेरिकेत रॉन पोपील नावाचा माणूस शिकागोच्या बाजारात अशीच प्रात्यक्षिकं दाखवून माल विकायचा. पुढं १९६० च्या दशकात त्यानं तेच टीव्हीवर केलं आणि व्हेज-ओ-मॅटिक नावाचं भाजी कापायचं यंत्र घराघरांत पोचवलं. विक्रेता म्हणून त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण विकत घेणारा म्हणून एक लक्षात ठेवा. त्या स्टॉलवरची भाजी निवडलेली असते, पातं कोरं असतं आणि हात रोजच्या सरावाचा असतो.

म्हणून आपल्या घरचा, नेहमी आणतो त्यातला सगळ्यात मोठा बटाटा सोबत न्या आणि दुकानदाराला विनंती करा, "भाऊ, हा कापून दाखवता का?" मग या पाच गोष्टी तपासा.

पहिली, रुंदी. मोठा बटाटा पात्यावर आडवा बसतो का? नाही बसला तर प्रत्येक बटाटा आधी अर्धा करावा लागेल आणि काप लहान पडतील.

दुसरी, पट्टीचा ताठपणा. पात्यापासून लांब, पट्टीच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. पट्टी वाकली तर कापतानाही वाकणार, म्हणजे काप एकीकडं जाड, एकीकडं पातळ.

तिसरी, होल्डर. बटाट्यात रुतणारे दाते असलेली, वरून धरायची ती टोपी. ती स्लायसरच्या दोन्ही कडांवर नीट सरकते का? तिला धरून शेवटपर्यंत कापता येतं का? होल्डर नसलेला स्लायसर व्यवसायासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

चौथी, पातं. स्टेनलेस स्टीलचं हवं. साध्या लोखंडाच्या पात्याला गंज येतो आणि कापलेला बटाटा काळा पडतो. पातं स्क्रूनं बसवलेलं असेल तर खोलून स्वच्छ करता येतं.

पाचवी, बूड. मागं टेकण असेल आणि पुढं परातीच्या किंवा पातेल्याच्या काठावर अडकायची खाच असेल, तर कापताना स्लायसर सरकत नाही.

या पाचही गोष्टी बरोबर असतील तर किंमत थोडी जास्त पडली तरी घ्या. हंगामभर वापरणार आहात.

जाडी मोजायची सोपी युक्ती

जाडी मोजायला महागडं साधन लागत नाही. वेगवेगळ्या बटाट्यांचे दहा काप घ्या, एकावर एक चवड रचा आणि शाळेच्या पट्टीनं उंची मोजा. उंची १५ मिलिमीटर भरली तर एक काप दीड मिलिमीटरचा. इतकं सोपं आहे.

थेट तळायच्या वेफर्सना साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडी ठेवा. उकळत्या मीठ-पाण्यातून काढून उन्हात वाळवायच्या वेफर्सना दीड ते दोन ठेवा, नाहीतर काप पाण्यात तुटतात आणि वाळल्यावर कापडाला चिकटतात. ही सुरुवातीची मापं समजा. एक किलोची चाचणी करा, तळून चव बघा आणि मग आपलं माप पक्कं करा. पक्कं झालं की स्लायसरच्या खटक्यावर नेलपॉलिशनं ठिपका द्या आणि वहीत लिहून ठेवा. घरातलं दुसरं कुणी कापायला बसलं तरी माल तोच निघाला पाहिजे.

बटाट्याबद्दलही एक सांगतो. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, तो चवीला गोडसर लागतो आणि तळताना लवकर तांबूस-काळा होतो. कितीही चांगला स्लायसर असला तरी हा दोष जात नाही. म्हणून पोतं घेण्याआधी दोन बटाटे घरी नेऊन तळून बघा. वेफर्ससाठी खास तयार केलेली कुफरी चिप्सोनासारखी वाणं आहेत. व्यापाऱ्याकडं विचारून बघायला हरकत नाही.

आता कापायला बसू

ओटा किंवा पाट कोरडा पाहिजे. परातीखाली ओलं फडकं पिळून अंथरा, म्हणजे परात सरकणार नाही. परातीत पाणी भरा, काप थेट पाण्यात पडू द्या. त्यामुळं ते काळे पडत नाहीत आणि एकमेकांना चिकटतही नाहीत. बटाट्यातल्या स्टार्चमुळं पातं थोड्या वेळानं चिकट होतं, बटाटा अडकायला लागतो. तेव्हा जोर लावू नका. थांबा, पात्यावरून पाणी सोडा, मग पुढं चला.

बटाट्याचं एक टोक सुरीनं आधी सपाट करा, म्हणजे तो डुगडुगणार नाही. सपाट बाजू खाली ठेवून होल्डर पहिल्या कापापासूनच वापरा. "अर्धा झाला की लावते" असं म्हणू नका. हात लयीत आला की अर्धा कधी झाला ते कळतच नाही.

दाब हलका आणि सारखा ठेवा, हालचाल लांब ठेवा. दाबून दाबून कापावं लागत असेल तर चूक हाताची नाही, पात्याची धार गेलीय. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण जोर लावलेला हात निसटला की थांबवता येत नाही.

फोन लांब ठेवा. कुणी हाक मारली तर आधी बटाटा खाली ठेवा, मग मान वळवा. लहान पोरं आसपास नकोत. वीस-पंचवीस मिनिटं कापलं की पाच मिनिटं थांबा. या थांबण्यात सोलायचं, धुवायचं काम करा, वेळ वाया जात नाही.

भाजीप्रमाणं थोडा फरक पडतो. कांदा कापताना मुळाकडचा भाग काढू नका, तोच धरायला ठेवा, पाकळ्या सुटत नाहीत. कच्ची केळी चिकाची असतात, हाताला थोडं तेल लावा आणि हात वारंवार पुसा. आपल्याकडं करमाळा, माढा भागात केळी भरपूर, त्यामुळं केळ्याचे वेफर्स करणारेही बरेच आहेत. हलवाई कढईवर किसणी धरून थेट तेलात काप सोडतो. तो त्याचा वर्षानुवर्षांचा सराव आहे. घरी वाफ, गरम तेल, ओला हात आणि उघडं पातं एकत्र आणू नका. काप ताटात पाडा आणि मग तेलात सोडा. सुरण, लाल भोपळा अशा टणक भाज्या हातातल्या स्लायसरवर घेऊच नका. त्या सुरीनंच.

शेवटच्या तुकड्याचा हिशोब

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोटं बहुतेक वेळा कधी कापतात? बटाटा संपत आल्यावर. होल्डर बाजूला ठेवून, "एवढासाच राहिलाय, कशाला वाया घालवायचा" म्हणून तो शेवटचा तुकडा बोटांनी ढकलताना. काटकसरीची सवय चांगली, पण इथं ती महागात पडते. हिशोब मांडूनच बघू.

समजा दहा किलो बटाटे आहेत, एक बटाटा साधारण १०० ग्रॅमचा. म्हणजे १०० बटाटे. प्रत्येकाचा १२ ग्रॅमचा तुकडा सोडला तर १ किलो २०० ग्रॅम. बटाटा २५ रुपये किलो धरला, तर सोडलेल्या तुकड्यांची किंमत ३० रुपये.

आता दुसरी बाजू. बोट कापलं तर चार-पाच दिवस ओल्या कामाला हात लागत नाही. ऐन उन्हात वाळवणं थांबतात. त्या परातीतले काप फेकावे लागतात. दवाखान्याचा खर्च वेगळा आणि दुखणं वेगळं. ३० रुपये वाचवायला एवढा धोका कोण पत्करेल?

शिवाय ते तुकडे वाया जातच नाहीत. सगळे एका पातेल्यात पाण्यात जमवा. कापून झालं की उकडा आणि त्याचे बटाट्याचे पापड करा किंवा साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या घाला. तेही उपवासाचंच वाळवण, तेही विकतं. म्हणजे शेवटचा तुकडा हा तुमच्या दुसऱ्या मालाचा कच्चा माल झाला.

तुकडे कमी करायचे असतील तर बटाटा मोठा घ्या. २०० ग्रॅमचा बटाटा घेतला तर दहा किलोत १०० ऐवजी ५० च तुकडे उरतील. किलोमागं रुपया-दोन रुपये जास्त गेले तरी काप मोठे पडतात आणि सोलायचं कामही कमी होतं.

कापण्याला दाद न देणारे हातमोजेही मिळतात. जास्त काम असेल तर घ्या. ते धारेला बराच अटकाव करतात, पण पूर्ण अभय देत नाहीत, म्हणून मोजा घातला तरी होल्डर सोडायचा नाही. साधा रबरी किंवा सुती मोजा मात्र पात्यापुढं काहीच कामाचा नाही.

तरी कापलंच तर

स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून धरा, हात वर करा. हळद, कॉफी, चुना असलं काही भरू नका. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्यानं धुऊन पट्टी बांधा. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर लगेच दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तिथं विचारा. आणि त्या परातीतला माल टाकून द्यायचा. धुऊन वापरायचा नाही. आपण दुसऱ्याच्या ताटात जाणारी वस्तू करतोय.

धुवायचं कसं, ठेवायचं कुठं

स्लायसर कधीही खरकट्या भांड्यांच्या ढिगात किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. फेसाखाली पातं दिसत नाही आणि घासायला बसलेली दुसरी बाई त्यात हात घालते. काम झालं की ज्यानं वापरला त्यानंच लगेच धुवायचा, हा घरात नियम करा. वाहत्या पाण्याखाली ब्रश घ्या, पात्याच्या पाठीकडून धारेकडं फिरवा. धारेवरून आडवी घासणी नको. प्लॅस्टिकचा असेल तर उकळतं पाणी नको, पट्टी वाकते. पुसून, कोरडा करून, पात्यावर झाकण लावून उंच खिळ्यावर टांगा.

धार गेली कशी ओळखायची? कापाचा पृष्ठभाग खरबरीत दिसतो, कडा फाटतात, पाण्यात बटाट्याचा चुरा जास्त पडतो. पातं बदलता येत असेल तर बदला, नसेल तर नवा स्लायसर घ्या. जुना "असू दे घरी" म्हणून ठेवू नका, तोच नेमका घाईत हाताला येतो.

मशीन कधी घ्यायचं?

हा प्रश्न येतोच. घाई करू नका. एक किलो बटाटे कापायला तुम्हाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि वहीत लिहा. मग रोजच्या ऑर्डरनं गुणा. कापण्यातच दिवसाचे तीन-चार तास जात असतील आणि ऑर्डर हंगामभर टिकणारी असेल, तर चाकाचं किंवा मोटारीचं यंत्र बघा. तेही बचत गटात मिळून घेता आलं तर उत्तम, दहा घरांत एक यंत्र पुरतं. एक हिशोब आधी डोक्यात ठेवा. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. सालं आणि टोकं गेल्यावर दहा किलो बटाट्यांचे वाळलेले वेफर्स दोन किलोच्याही आत भरतात. यंत्राचे पैसे बटाट्याच्या वजनावर नाही, या वाळलेल्या वजनावर फिटायचे आहेत. आणि विक्री सुरू करताना एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, पाकिटावर तारीख आणि वजन लिहा.

या आठवड्यात एवढंच काम करा. घरातला स्लायसर बाहेर काढा, होल्डर सापडतोय का बघा, एक किलो बटाटे कापा आणि दहा कापांची चवड मोजा. दोन चवडींच्या उंचीत फरक आला तर आधी तो का येतोय ते शोधा, ऑर्डर मग घ्या. मापं वहीत लिहून ठेवा. वाळलेल्या वेफर्सचा किलोचा भाव कसा काढायचा, ते पुढच्या भागात याच मापांवरून शिकू.

काळजी घ्या, सावकाश कापा, भरपूर विका!